थंडीत गाडीचं लॉक जाम झालं? जोर लावू नका, आधी हे वाचा

वाशिम : पहाटेचे चार वाजलेत. घरात बाळंतीण अडली आहे किंवा म्हाताऱ्याच्या छातीत दुखतंय. अंगणात गाडी उभी आहे, डिझेल भरलेलं आहे, ड्रायव्हरही तयार आहे. पण दाराच्या लॉकमध्ये चावी फिरतच नाही. घाईघाईत जोर लावला अन् चावी आतच तुटली, तर पुढचा अर्धा तास तिथंच जातो. रिसोड, मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या आडवळणाच्या गावात हा अर्धा तास फार मोठा असतो.

थंडीचे दिवस सुरू झाले की गाडीचं लॉक अडकणं, हँडल लॉक न निघणं, रिमोट न चालणं अशा तक्रारी वाढतात. यातल्या बहुतेक तक्रारी घरच्या घरी सुटतात. फक्त नेमकं काय अडकलंय ते ओळखता आलं पाहिजे. कार, पिकअप, दुचाकी आणि ट्रॅक्टर वापरणाऱ्यांसाठी ही माहिती.

आपल्याकडे लॉक खरंच गोठतं का?

पाणी शून्य अंशाला गोठतं. वाशिम जिल्ह्यात थंडीची लाट आली की पारा दहाच्या खाली जातो, पण शून्यापर्यंत येत नाही. विदर्भातली कडाक्याची थंडी म्हणून २९ डिसेंबर २०१८ ची रात्र सांगितली जाते. तेव्हा नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आभाळ निरभ्र असलं की उघड्यावर उभ्या गाडीचा टप आणि काच हवेपेक्षाही जास्त थंड होतात, कारण लोखंड आणि काच आपली उष्णता रात्रभर आभाळाकडे सोडत राहतात. त्यामुळे हवेत तीन-चार अंश असले तरी टपावरचं दव गोठू शकतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी उभ्या गाड्यांच्या टपांवर हिवाळ्यात हिमकण दिसतात, ते याच कारणाने.

तरी दाराच्या आत असलेलं लॉक गोठून बसणं आपल्या भागात सहसा होत नाही. आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. पावसाळ्यात लॉकमध्ये पाणी शिरतं आणि आतल्या भागांना गंज धरतो. मग सोयाबीनची काढणी, मळणी, कच्च्या रस्त्यांची धूळ आणि कचरा चावीच्या भोकातून आत जातो. आधी कोणी तेल किंवा ग्रीस टाकलेलं असतं, त्यात ही धूळ कालवली जाते. थंडीत ते ग्रीस घट्ट होतं. वरून रात्रीचं दव. एवढं सगळं एकत्र आलं की दिवाळीपर्यंत बरं चालणारं लॉक डिसेंबरात अडकतं.

लॉकच्या आत असतं तरी काय?

चावी जाते त्या भागाला मिस्त्री लोक बॅरल म्हणतात. त्यात पितळेच्या बारीक पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीला एक नाजूक स्प्रिंग असते. चावीचे दाते बरोबर बसले की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात, तेव्हाच बॅरल फिरतं. एक जरी पट्टी गंजाने, धुळीने किंवा बर्फाने अडकली, तरी चावी फिरत नाही. म्हणून इथं ताकदीचा काही उपयोग नाही. अडकलेली पट्टी मोकळी करावी लागते. पक्कड लावून चावी फिरवली तर पट्टी सुटत नाही, चावीच तुटते.

आधी ओळखा, अडकलं कुठं

लॉक जाम झालं असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात चार वेगळे प्रकार आहेत. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

१) चावी आत जातच नाही : भोकात माती, कचरा किंवा गंज आहे. थंड प्रदेशात असाल तर बर्फ.

२) चावी जाते, पण फिरत नाही : पट्ट्या अडकल्या आहेत किंवा चावी घासून झिजली आहे. घरातली दुसरी, कमी वापरलेली चावी लावून बघा. ती फिरली तर दोष लॉकचा नाही, चावीचा आहे.

३) चावी फिरते, पण दार उघडत नाही : लॉक ठीक आहे. आतला खटका किंवा दांडी अडकली आहे, नाही तर दाराचं रबर चौकटीला चिकटलं आहे.

४) रिमोट दाबला तरी काहीच होत नाही : रिमोटचा सेल किंवा गाडीची बॅटरी उतरली आहे.

चावी जात नाही किंवा फिरत नाही, तेव्हा

पहिलं काम, दुसरी दारं बघा. ड्रायव्हरचं दार अडकलं तरी दुसऱ्या बाजूचं दार किंवा डिकी उघडू शकते. कित्येक जण एकाच दाराशी झटत बसतात.

भोकातली धूळ काढायला टायर पंक्चरवाल्याकडची कंप्रेसरची हवा सगळ्यात चांगली. घरी असाल तर सायकलचा पंप चालतो. तोंडाने फुंकर मारू नका. फुंकरीत ओलावा असतो.

त्यानंतर गंज सोडवणारा स्प्रे वापरा. हार्डवेअरच्या आणि ऑटो पार्टच्या दुकानात तो मिळतो, सोबत बारीक नळी असते. नळी भोकात घालून एक-दोन वेळा फवारा, पाच-दहा मिनिटं थांबा. मग चावी घाला, काढा, घाला, काढा. लगेच फिरवायला जाऊ नका. पंधरा-वीस वेळा आत-बाहेर केल्यावर हलक्या हाताने दोन्हीकडे फिरवून बघा. चावीवर काळी घाण येईल, ती दर वेळी फडक्याने पुसून घ्या.

यातला प्रसिद्ध स्प्रे डब्ल्यूडी-४०. तो १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला. चाळिसाव्या प्रयत्नात मिश्रण जमलं, म्हणून नावात चाळीस. त्याचं मूळ काम पाणी हटवणं आणि गंज सैल करणं. ते वंगण म्हणून फार दिवस टिकत नाही. त्यामुळे लॉक मोकळं झालं, सुकलं की त्यात ग्रॅफाइटची पूड टाकावी. ही पूड कोरडी असते, त्यामुळे धूळ तिला चिकटत नाही आणि थंडीत ती घट्टही होत नाही. पूड मिळाली नाही तर साध्या शिसपेन्सिलीचं टोक चावीच्या दोन्ही बाजूंना भरपूर घासा आणि चावी आत-बाहेर करा. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइटच असतं. कामापुरतं भागतं.

काय टाकू नये? गोडेतेल, एरंडेल, जळकं ऑइल आणि जाड ग्रीस बॅरलमध्ये टाकू नका. आज चावी फिरेल, पण महिनाभरात त्यावर धूळ बसून लॉक पहिल्यापेक्षा घट्ट होईल. स्टार्टर स्विचच्या भोकात, म्हणजे जिथे चावी फिरवून गाडी चालू करतो तिथे, पेट्रोल किंवा रॉकेल कधीच ओतू नका. आत विजेचे संपर्क असतात, ठिणगी उडू शकते.

चावी फिरत नाही, पण लॉक खराब नाही

स्टार्टरची चावी फिरत नाही म्हणून अनेक जण मिस्त्रीला फोन लावतात आणि मिस्त्री येऊन एका मिनिटात गाडी चालू करून देतो. कारण ते स्टीअरिंग लॉक असतं. चावी काढल्यावर स्टीअरिंगला धक्का लागला की आतला खुंटा बसतो आणि त्याचा दाब चावीवर येतो. अशा वेळी एका हाताने स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवत राहा आणि दुसऱ्या हाताने त्याच वेळी चावी हळू फिरवा. खुंटा सुटतो.

दुचाकीच्या हँडल लॉकचंही हेच. हँडल थोडं मागे-पुढे हलवून चावी फिरवा. दुचाकीच्या स्विचचं तोंड वर आभाळाकडे असतं, म्हणून पावसाचं पाणी, दव आणि धूळ सरळ आत जाते. झाकणाची पट्टी असेल तर ती लावायची सवय ठेवा. नसेल तर रात्री वरून फडकं किंवा प्लास्टिकची पिशवी बांधा. ट्रॅक्टर शेतात उघड्यावर राहत असेल तर त्याच्या स्विचवरही असंच झाकण हवं. पेट्रोल टाकीच्या झाकणाचं लॉक सगळे विसरतात. ते पंपावर अडकलं की मागे रांग लागते.

चावी फिरली, दार मात्र उघडेना

दाराभोवतीचं काळं रबर जुनं झालं की ओलाव्याने चौकटीला चिकटतं. हँडल जोरात ओढू नका. आताच्या गाड्यांचं हँडल प्लास्टिकचं असतं, ते तुटतं. आधी दाराच्या कडांवर तळहाताने बाहेरून आत दाबा, वरून खालपर्यंत. रबर सुटलं की दार सहज उघडतं. नंतर रबर पुसून कोरडं करा आणि त्यावर सिलिकॉन स्प्रे किंवा सिलिकॉनचं वंगण फडक्याने लावा. पेट्रोल, डिझेल, ऑइल रबराला लावू नका, रबर फुगतं आणि फाटतं.

मागचं दार फक्त आतून उघडत नसेल तर चाइल्ड लॉक लागलेलं असण्याची शक्यता जास्त. दार बाहेरून उघडा, कडेला छोटी खिट्टी दिसेल, ती उलटी करा.

रिमोट चालत नाही

थंडीत सेलची ताकद कमी होते. उतरत आलेला सेल नेमका डिसेंबर-जानेवारीत दगा देतो. बहुतेक रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो, तो घड्याळवाल्याकडे मिळतो. जुना सेल सोबत नेऊन त्याच नंबरचा घ्या.

सेल संपला म्हणजे गाडी बंद पडली असं नाही. अनेकांना माहीत नसतं की बटणवाल्या रिमोटच्या आतही एक साधी पात्याची चावी लपलेली असते. रिमोटच्या कडेची छोटी कळ दाबली की ती बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराला भोक दिसत नसेल तर ते बऱ्याचदा हँडलजवळच्या छोट्या झाकणाखाली असतं. आज उजेडात, निवांत वेळी ही चावी आणि हे भोक शोधून ठेवा. दार उघडल्यावर बटणाने गाडी चालू होत नसेल तर बऱ्याच गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला चिकटवून धरला की गाडी चालू होते.

नवा सेल टाकूनही दार उघडत नसेल, आतला दिवाही लागत नसेल, तर गाडीची मोठी बॅटरी उतरली आहे. चावीने दार उघडा आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावा. क्रम असा : लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असल्याची खात्री करून घ्या.

काश्मीर, हिमाचलला जाणाऱ्यांसाठी

जिल्ह्यातून माल घेऊन उत्तरेकडे जाणारे ट्रकवाले, फिरायला मनाली-श्रीनगरला जाणारी कुटुंबं आणि तिकडे नोकरीला असलेले लोक, यांना लॉक खरोखर गोठण्याचा अनुभव येऊ शकतो. लेहमध्ये हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून लॉकमधला एक थेंबही पट्ट्या घट्ट धरून ठेवतो.

अशा वेळी गरम पाणी ओतू नका. थंड काचेवर उकळतं पाणी पडलं तर काच तडकते आणि उरलेलं पाणी थोड्या वेळात पुन्हा गोठून जास्त बर्फ होतो. त्याऐवजी हातासाठीचं सॅनिटायझर चावीला लावून ती आत-बाहेर करा. त्यातलं अल्कोहोल बर्फ वितळवतं. गरम पाण्याची रबरी पिशवी लॉकवर धरली तरी बर्फ सुटतो. साधी लोखंडी चावी लायटरवर थोडी गरम करून घालता येते, पण चिपवाली किंवा प्लास्टिकच्या डोक्याची चावी आगीजवळ नेऊ नका. चिप जळाली तर दार उघडूनही गाडी चालू होणार नाही.

रात्री भोकावर चिकटपट्टी लावा. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, कारण ओढलेला हँडब्रेक गोठून अडकतो. डिझेल तिकडचंच भरा. आपल्याकडचं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं, ते याच अडचणीसाठी.

या चुका जिवावर बेततात

थंडीने गाडी चालू होत नाही म्हणून खाली पाचट किंवा कापूस पेटवून टाकी आणि इंजिन शेकण्याचा प्रकार अजूनही कुठे कुठे दिसतो. डिझेलची नळी, वायरिंग आणि ग्रीस पेटायला वेळ लागत नाही. असं अजिबात करू नका.

बंद गोठ्यात किंवा शटर लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन गरम करत ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. ओलिताच्या पाळीला रात्री शेतात गेल्यावर काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं किंवा गाडीत शेगडी ठेवणं तेवढंच धोक्याचं.

लेकरू गाडीत अडकलं अन् चावीही आतच राहिली, तर वाट बघू नका. थंडीचे दिवस असले तरी उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात वीस अंशांहून जास्त वाढू शकतं आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. ११२ वर फोन करा. लेकरू सुस्त दिसत असेल तर काच फोडा. समोरची मोठी काच फोडू नका, ती दोन थरांची असते आणि लवकर फुटत नाही. लेकरापासून लांबची बाजूची काच निवडा आणि टोकदार वस्तूने तिच्या कोपऱ्यावर मारा, मधोमध नाही. हाताला जाड फडकं गुंडाळा. काच नवी बसवता येते.

आणि सुरुवातीला सांगितली तशी पहाटेची वेळ आली तर? एकाने लॉक बघावं, दुसऱ्याने त्याच क्षणी १०८ ला फोन लावावा. गाडी उघडेल या भरवशावर थांबू नका. तोवर गाडी उघडली तर ॲम्ब्युलन्सला कळवून वाटेत गाठ घालता येते.

चावी तुटली किंवा हरवली तर

तुकडा भोकात अडकला असेल तर दुसरी चावी आत ढकलू नका. बाहेर टोक दिसत असेल तर बारीक चिमट्याने सरळ ओढा. टोकाला झटपट चिकटणारा गोंद लावून ओढायचा प्रयोग करू नका. गोंद पट्ट्यांत गेला की पूर्ण लॉकच बदलावं लागतं. चावी बनवणारा माणूस हे काम रीतसर करतो. तो गाडीची कागदपत्रं मागेल, ती दाखवा. कागद न बघता चावी बनवून देणारा उद्या दुसऱ्यालाही तुमच्या गाडीची चावी देईल.

चावी हरवली तर पोलीस ठाण्यात नोंद करा. गाडी चोरीला गेल्यावर विम्याचा दावा करताना कंपन्या दोन्ही चाव्या मागतात. म्हणून दुसरी चावी घरात ठरलेल्या जागी ठेवा आणि ती जागा घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. दुसरी चावी गाडीच्याच डिकीत ठेवून उपयोग नाही.

दिवाळीनंतर एक तास द्या

• सगळ्या लॉकमधून हवा मारून धूळ काढा. दारं, डिकी, पेट्रोल टाकी, हँडल लॉक, एकही सोडू नका.
• स्प्रे मारून चावी चालवा, सुकल्यावर ग्रॅफाइटची पूड टाका.
• दाराचे रबर पुसून सिलिकॉन लावा. बिजागऱ्यांना आणि दाराच्या खटक्याला ग्रीस चालतं, बॅरलला नाही.
• रिमोट असला तरी महिन्यातून एकदा चावीने दार उघडा. न वापरलेलं लॉक सगळ्यात आधी गंजतं.
• गाडी संध्याकाळी धुऊ नका. सकाळी धुवा आणि दारं उघडून उन्हात वाळवा. प्रेशरचं पाणी सरळ भोकावर मारू देऊ नका.
• जमेल तर गाडी छपराखाली लावा. छप्पर नसेल तर दार पूर्वेकडे येईल अशी लावा, सकाळचं ऊन लवकर लागतं.
• स्प्रेची बाटली गाडीत ठेवू नका, घरात ठेवा. गाडीच उघडत नसेल तर आतल्या बाटलीचा काय उपयोग?